बॅकअप होता, तरीही तेरा दिवस

२२ मेच्या संध्याकाळी वळिवाचा पहिला मोठा पाऊस झाला. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात गडगडाट सुरू झाला की दिवे मिणमिणतात आणि मग जातात, त्याची आम्हाला सवय आहे. त्या दिवशी मात्र वाचनालयामागच्या माडावरच वीज पडली. शेंडा जळून गेला. आत काउंटरखाली ठेवलेला सर्व्हर बंद पडला, तो वीज आल्यावरही चालू होईना. कॅबिनेटजवळ गेले तर करपलेल्या प्लास्टिकचा वास येत होता.

मी इथे एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेतला एक पेपर, बाकी सगळं गरज पडेल तसं शिकले. त्या रात्रीपासून ३ जूनच्या पहाटेपर्यंत जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. एखाद्या पतसंस्थेत, शाळेत किंवा देवस्थानच्या कचेरीत माझ्यासारखंच कोणी एकटं डेटाबेस परत उभा करत बसलं असेल, तर त्याचे चार दिवस तरी वाचावेत एवढ्यासाठी.

आमच्या डेटाबेसमध्ये तेवीस हजार पुस्तकांची नोंद, सभासद, देवघेव हे तर आहेच. पण माझा जीव अडकला होता तो हस्तलिखित अंकांत. १९६१ च्या मुक्तीआधी गावातली मंडळी दिवाळीला हाताने लिहिलेला मराठी अंक काढायची. एकच प्रत, घरोघरी फिरवून वाचायची. पुढे ते अंक वाचनालयात आले. २०१८ मध्ये आम्ही त्यांची १,४१२ पानं स्कॅन केली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात दोन अंकांना वाळवी लागली, आणि त्या दोन अंकांची पानं आता फक्त स्कॅनमध्येच उरली आहेत. आमचं सॉफ्टवेअर गावातल्याच एका विद्यार्थ्याने लिहून दिलेलं. त्यात ही चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये नाहीत, थेट डेटाबेसच्या आतच साठवली जातात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

२४ मेला फोंड्याच्या दुरुस्तीवाल्याकडे मशीन नेलं. तपासणीचे ५०० रुपये घेऊन त्याने सांगितलं, मदरबोर्ड गेला आणि डिस्कही ओळखली जात नाही. डिस्कमधला डेटा बाहेर काढून देणाऱ्यांकडे पाठवायची तर खर्च कितीही होऊ शकतो, असंही म्हणाला. मी नको म्हटलं, कारण बॅकअप होता. रोज रात्री एक फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायची, आणि दर महिन्याला तिची प्रत मी खजिनदारभाईंच्या घरी ठेवायची. शेवटचा बॅकअप २० मेच्या रात्रीचा होता. २१ तारखेला डिस्क लावायची राहिली होती. म्हणजे दोन दिवसांची देवघेव गेली, आणि ती कागदी रजिस्टरवरून परत भरता येणार होती. मला वाटलं, दोन दिवसांत उरकेल.

२६ मेला कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. ठराव झाला : नवीन मशीनसाठी ४०,००० रुपयांपर्यंत खर्च मंजूर, तीन दरपत्रकं मागवावीत, कमीत कमी दराचं घ्यावं. दोन दरपत्रकं फोंड्याची, एक मडगावचं. मशीन यायला पंधरा दिवस लागणार होते. (दरपत्रक मागताना रॅम किती, हे आपणच लिहून द्यावं. नाहीतर तिघे तीन वेगवेगळ्या मशीनचे दर देतात आणि तुलना करता येत नाही. आमचं तसंच झालं आणि पत्रं पुन्हा पाठवावी लागली.) तोपर्यंत काय, तर कचेरीतला टायपिंगचा जुना संगणक वापरायचा. त्यात ४ जीबी रॅम. जळलेल्या सर्व्हरमध्ये ८ जीबी होती. हा फरक मला तेव्हा माहीत होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. २८ मेला फोनवर त्याच्या सांगण्याप्रमाणे मी त्या संगणकावर लिनक्स ही संगणक चालवणारी यंत्रणा घातली, आणि तिच्यावर मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम. यापुढे सर्व्हर म्हणते तो हाच. बॅकअपच्या डिस्कवर जुन्या सर्व्हरच्या सेटिंगच्या फायलीही होत्या. मी त्या जशाच्या तशा नव्या जागी नेल्या. मनात विचार असा की जुनं घर होतं तसंच्या तसं उभं करायचं, तर कुलपंसुद्धा तीच हवीत. सर्व्हर सुरू झाला, काही तक्रार केली नाही. रात्री साडेआठला रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधलं सगळं परत डेटाबेसमध्ये भरण्याची, कमांड दिली आणि वाचनालयातच डबा उघडला.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग माउस अडखळायला लागला. डिस्कचा लाल दिवा विझेचना. स्क्रीनवरचं घड्याळ ९:१२ वर थांबलं आणि बऱ्याच वेळाने एकदम ९:२० झालं. शेवटी संदेश आला : एरर २०१३, ओळ ९१८, लॉस्ट कनेक्शन टू सर्व्हर ड्युरिंग क्वेरी. म्हणजे बॅकअपच्या फाइलमधल्या ९१८ व्या ओळीचं काम चालू असताना सर्व्हरशी संपर्क तुटला.

मी सर्व्हरची स्थिती पाहिली. हिरव्या अक्षरांत 'रनिंग'. सर्व्हर चालू आहे तर संपर्क कसा तुटला? मी केबल पाहिली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तीच कमांड परत दिली. (हे करायला हरकत नसते. डेटाबेसचा डंप, म्हणजे आमची बॅकअपची फाइल, प्रत्येक तक्ता आधी काढून टाकून नव्याने बनवतो, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या कामावर पुन्हा पहिल्यापासून केलं तरी नोंदी दुप्पट होत नाहीत.) या वेळी ओळ ८६१. रात्रीचे अकरा वाजले होते. मी दिवे मालवले आणि पावसातच घरी आले. त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर ती वाळवीने खाल्लेली दोन पुठ्ठ्याची कव्हरं येत होती.

पुढचे दोन दिवस मी चुकीच्या दिशेने घालवले, पण त्यातलं काही उपयोगीही पडलं, म्हणून सांगते. मला वाटलं बॅकअपची फाइलच खराब आहे. २९ तारखेला कदंबाची बस पकडून मडगावला खजिनदारभाईंच्या घरी गेले आणि महिन्याची प्रत आणली. भाई दारातच म्हणाले, "सगळें सारकें जातलें गो, आदीं च्या घे." चहा घेतला. ती प्रत ३० एप्रिलची. तीही लावून पाहिली. ती ९४० व्या ओळीवर तुटली.

संध्याकाळी भाच्याने मला फाइल तपासण्याच्या दोन साध्या पद्धती शिकवल्या. दाबून ठेवलेली फाइल धड आहे की नाही हे ती दाबणाऱ्या जीझिप या प्रोग्रामलाच विचारता येतं, वजा टी लावून. उत्तरात काही आलं नाही तर फाइल चांगली. आणि डंप पूर्ण झालेला असेल तर त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असते. ती ओळ नसेल तर बॅकअप घेतानाच मध्ये थांबलेला. आमच्या दोन्ही फायलींत ती ओळ होती. २० मे, रात्रीचे ११ वाजून काही मिनिटं. ती तारीख पाहून मला धीर आला, कारण फाइल शाबूत होती. मग दोष दुसरीकडे कुठेतरी होता.

३१ मेला सकाळी भाच्याने विचारलं, "मावशी, दर वेळी तुटलं ती ओळ कुठली?"

मी वहीत लिहून ठेवलं होतं : ९१८, ८६१, मग एकदा ९०२, आणि जुन्या प्रतीची ९४०.

तो म्हणाला, "फाइलमध्ये दोष असता तर तीच फाइल दर वेळी त्याच ओळीवर अडली असती. ओळ बदलते आहे म्हणजे काहीतरी भरत जातंय आणि काठाशी आलं की सांडतंय. रॅम बघ."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात माझ्या हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. म्हणूनच ओळ नंबर लिहून ठेवा. कितीही घाई असली तरी, पुन्हा कमांड देण्याआधी, वेळ आणि ओळ कागदावर उतरवा.

त्याने सिस्टीमचा लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद, उघडायला लावला. सर्व्हरचा नाही, लिनक्सच्या गाभ्याचा, ज्याला कर्नल म्हणतात त्याचा. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे मारियाडीबीचं नाव. एकदा नाही, चार वेळा. रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही संपले की लिनक्स सगळी यंत्रणा बंद पडू देण्यापेक्षा एखादा मोठा प्रोग्राम मारून जागा मोकळी करतो. सर्वांत मोठा प्रोग्राम आमचा डेटाबेसच होता. आणि मारला गेला की व्यवस्था त्याला लगेच पुन्हा सुरू करते, म्हणून मला दर वेळी हिरवं 'रनिंग' दिसत होतं. त्याच्याच शेजारी 'तीन मिनिटांपासून' असं लिहिलेलं असतं. तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तुम्ही आधी तेच वाचा.

मग कारण. इनोडीबी बफर पूल साइझ नावाचं एक सेटिंग असतं. मी ते माझ्यापुरतं असं समजून घेतलं : डिस्क म्हणजे पुस्तकांची कपाटं, आणि बफर पूल म्हणजे वाचनकक्षातलं टेबल. हाताळायची पुस्तकं टेबलावर काढून ठेवली की दर वेळी कपाटाकडे जावं लागत नाही. टेबल जितकं मोठं तितकं काम भराभर. फक्त डेटाबेससाठीच ठेवलेल्या मशीनवर रॅमच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंतही हे टेबल मोठं करतात. काहीच सांगितलं नाही तर मारियाडीबी १२८ एमबी घेतो. जुन्या सर्व्हरवर, ८ जीबीच्या मशीनवर, ते ४ जीबी ठेवलेलं होतं, आणि तिथे ते योग्यच होतं. मी ती फाइल उचलून ४ जीबीच्या मशीनवर आणली होती. म्हणजे खोलीएवढंच टेबल त्या खोलीत मांडलं, आणि माणसांना उभं राहायला जागा उरली नाही.

मला न उलगडलेला भाग असा होता, की मग सर्व्हर सुरू तरी कसा झाला? भाच्याने सांगितलं, सुरुवातीला लिनक्स जागा फक्त राखून ठेवू देतो, खरी रॅम त्यात सामान पडत जाईल तशी खर्च होते. रोजच्या देवघेवीत कदाचित आठवडाभर काही कळलं नसतं. रिस्टोअरमध्ये मात्र पाचसहा जीबीची चित्रं एकामागून एक त्या टेबलावर येतात. साधारण आठशे पानं आत गेली की टेबल, माझा उघडा ब्राउझर, डेस्कटॉप सगळं मिळून ४ जीबी रॅम आणि १ जीबी स्वॅप संपत होतं. ब्राउझर किती उघडा आहे त्यावर ओळ थोडी पुढेमागे होत होती. ९०२ वर तुटलं त्या वेळी मी दुसऱ्या खिडकीत दरपत्रकं वाचत होते.

सेटिंग बदलायला गेले तर तिथेही अर्धा दिवस गेला. मारियाडीबीच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये बऱ्याच फायली असतात, आणि त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. एकच गोष्ट दोन फायलींत असेल तर नंतरची खरी. मी ५० पासून सुरू होणाऱ्या नावाच्या मुख्य फाइलमध्ये १ जीबी लिहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, रिस्टोअर लावलं, आणि पुन्हा तेच. जुन्या मशीनवरून आणलेली फाइल ९९ ने सुरू होत होती आणि तिच्यात ४ जीबी तसंच होतं. तेव्हापासून मी फाइलवर विश्वास ठेवत नाही, चालू सर्व्हरलाच विचारते. 'शो व्हेरिएबल्स' म्हटलं की तो सांगतो की सध्या त्याने प्रत्यक्षात काय धरलं आहे. आकडा बाइटमध्ये येतो. १ जीबी म्हणजे १०७ कोटींच्या आसपास दिसायला हवा. तो दिसल्याशिवाय पुढची कमांड देऊ नका.

१ जूनला ब्राउझर बंद, डेस्कटॉपही बंद, फक्त काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दुसऱ्या खिडकीत रॅमचा आकडा दर दोन सेकंदांनी पाहत बसले. तो चढला, अडीच जीबीच्या जरा खाली जाऊन थांबला, आणि तिथेच राहिला. ९१८ वी ओळ गेली. ९४० गेली. हजारावी गेली. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. परत आले तर :

एरर २००६, ओळ १०४६, सर्व्हर हॅज गॉन अवे.

मला रडूच आलं. बाहेर अंगणात मुलं पावसात खेळत होती, त्यांच्यासमोर नको म्हणून आतल्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी परत येऊन वहीत लिहिलं : १०४६. कर्नलचा लॉग पाहिला, तर या वेळी कोणी मारलेलं नव्हतं. सर्व्हर सकाळपासून सलग चालू. मग पुन्हा लावलं. दोन तासांनी : १०४६. तेव्हा मी स्वतःच भाच्याला फोन केला आणि म्हटलं, "आता ओळ बदलत नाही."

"मग आता फाइलमधली तीच ओळ काढून बघ," तो म्हणाला.

तशी कमांड असते. फाइल उघडत, फक्त १०४६ वी ओळ घेत, तिची पहिली दीडशे अक्षरं दाखवायची. पूर्ण ओळ स्क्रीनवर आणू नका, मशीन बराच वेळ अडकून राहील. दीडशे अक्षरांत मला चित्राचा क्रमांक आणि शीर्षक मिळालं : १९५७ च्या दिवाळी अंकाचं घडीचं पान. मला ते पान आठवतं. एका अंकात मध्यभागी उघडणारं मोठं रंगीत चित्र आहे, सांगेच्या बाजूचा डोंगर आणि खाली नदी, पाण्याच्या रंगात. घडीवर रंग उडालेला. स्कॅन करणाऱ्या मुलांनी ते इतर पानांपेक्षा दुप्पट बारकाईने स्कॅन केलं होतं, कारण चित्र होतं. फाइल ११.६ एमबीची.

आता हिशेब. मॅक्स अलाउड पॅकेट नावाचं दुसरं एक मेमरीचं सेटिंग आहे. एका खेपेत सर्व्हर जास्तीत जास्त किती मोठा तुकडा हातात घेईल, याची ती मर्यादा. मारियाडीबीत ती १६ एमबी असते. ११.६ हे १६ पेक्षा कमी आहे, आणि २०१८ मध्ये हे चित्र आत गेलंच होतं. मग बाहेर पडून परत आत जाताना का अडलं? कारण बॅकअप घेताना आम्ही हेक्स ब्लॉब हा पर्याय वापरतो. चित्रातली माहिती साध्या अक्षरांत लिहायची, म्हणजे वाटेत अक्षरं बिघडत नाहीत. पण त्यात एका बाइटला दोन अक्षरं लागतात. ११.६ चे झाले २३ एमबीच्या वर. म्हणजे ज्या दारातून ते चित्र आत गेलं त्याच दारातून बॅकअपच्या वेषात परत येऊ शकत नव्हतं.

ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. सात वर्षं रोज रात्री बॅकअप होत होता, फाइल शाबूत होती, शेवटची ओळ होती, आणि तरी नेहमीच्या सेटिंगवर तो परत भरला गेलाच नसता. जुन्या ८ जीबीच्या सर्व्हरवरही नाही, कारण जुन्या फाइलमध्ये या मर्यादेचा उल्लेखच नव्हता. आम्ही कधी भरून पाहिलाच नव्हता.

भाच्याने फाइलमधली सर्वांत लांब ओळ मोजायला लावली. डब्ल्यूसी या कमांडला वजा चिन्ह आणि मोठा एल जोडायचा. वीसेक मिनिटांनी उत्तर आलं, २ कोटी ४३ लाखांच्या वर अक्षरं. १६ एमबी म्हणजे १,६७,७७,२१६. दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा मला सगळं दिसलं. ८ एमबीपेक्षा मोठी, म्हणजे दुप्पट झाल्यावर १६ च्या वर जाणारी पानं आमच्याकडे ३१ निघाली. त्यांतलं हे पहिलं.

२ जूनला सर्व्हरची मर्यादा ६४ एमबी केली. रिस्टोअर पुन्हा १०४६ वर थांबलं. या वेळी घाबरले नाही, कारण 'शो व्हेरिएबल्स' मध्ये ६४ एमबीएवढाच बाइटचा आकडा दिसत होता, म्हणजे सर्व्हरची बाजू बरोबर होती. राहिली दुसरी बाजू. रिस्टोअरची कमांड देणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, त्याचीही स्वतःची वेगळी मर्यादा असते आणि तीही १६ एमबीच. कमांडमध्येच मॅक्स अलाउड पॅकेट ६४ एमबी असं जोडावं लागतं. दोन्ही टोकांना मोठं करायचं. एक टोक वाढवून दुसरं राहिलं तर काहीच बदलत नाही.

संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरवर मशीन किती टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून थांबले. दहाला वीज आली. कार्यवाहभाई टॉर्च घेऊन सोबतीला आले आणि वाचनकक्षात जुने दिवाळी अंक चाळत बसले. १०:२० ला कमांड दिली. ९१८. ९४०. बाराच्या पुढे १०४५. आकडा १०४६ वर आला, काही क्षण तिथेच राहिला आणि १०४७ झाला. मी भाईंना हाक मारली. त्यांना त्या आकड्याचं महत्त्व माहीत नव्हतं, पण माझं तोंड पाहून ते काही न विचारता शेजारी उभे राहिले.

३ जून, पहाटे २:३५ ला काम संपलं. कमांड काहीही न बोलता परत आली. काही न बोलणं म्हणजे यश, हे लिनक्सचं मला आता आवडतं.

पण तिथे लगेच झोपायला जाऊ नका. आम्ही तेव्हाच तीन गोष्टी तपासल्या. पुस्तकं आणि सभासद यांची संख्या मार्चअखेरच्या अहवालाशी ताडली, एप्रिल-मेमध्ये वाढलेली रजिस्टरवरून मोजली. पानं १,४१२ आहेत का पाहिलं. आणि अक्षरं पाहिली. डेटाबेसची अक्षरसंहिता चुकली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ते इंग्रजी आकड्यांवरून कळत नाही. मी मुद्दाम 'ळ', 'ऱ्य', 'ज्ञ' असलेली नावं शोधली. सगळी जागच्या जागी होती. शेवटी वाळवी लागलेल्या दोन अंकांतलं एकेक पान उघडलं. एकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, 'वाचून झाला, पुढे पाठवा.'

२१ आणि २२ मेची देवघेव रजिस्टरवरून भरायला दोन दुपारी लागल्या. वाचनालय ५ जूनला नेहमीसारखं सुरू झालं. एकूण खर्च : तपासणीचे ५००, बसभाडं, आणि बॅकअपसाठी घेतलेली आणखी एक बाहेरची डिस्क ४,२०० रुपयांची. नवीन मशीन १४ जूनला आलं, १६ जीबी रॅमचं, ठरलेल्या रकमेत बसलं. सोबत व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस घेतला, त्यासाठी वेगळा ठराव करावा लागला. नव्या मशीनवर टेबल ८ जीबीचं ठेवलं, पॅकेट ६४ एमबीचं, आणि रिस्टोअर ५० मिनिटांत झालं.

बॅकअपच्या डिस्कच्या डबीत आता एक कागद आहे. त्यावर रिस्टोअरची पूर्ण कमांड, दोन्ही मर्यादांचे आकडे, आणि 'बफर पूल जुन्या फाइलवरून घेऊ नये, मशीनची रॅम पाहून ठरवावा' असं हाताने लिहिलं आहे. तशीच एक प्रत मडगावला खजिनदारभाईंकडे. चवथीच्या सुट्टीआधी, टायपिंगच्या त्याच ४ जीबीच्या संगणकावर, पुन्हा एकदा पहिल्यापासून रिस्टोअर करायचं आहे. या वेळी मी बाजूला बसणार आणि आमची नवीन साहाय्यक तो कागद वाचून करणार. जिथे तिला मला विचारावं लागेल, ते वाक्य कागदावर नव्याने लिहायचं.